तीन घरं आणि शैलाचं "चालेल"

८ डिसेंबर, रविवार

शैला रिटायर होऊन सव्वा महिना झाला. शाळेने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. चौतीस वर्षं घंटेच्या आधी पोचणाऱ्या बाईला घड्याळ देण्याची कल्पना ज्याची असेल, त्याला मला एकदा भेटायचंय.

आज जेवताना क्षितिजाने जाहीर केलं की २६ जानेवारीच्या शनिवार-रविवारी आपण तिघांनी करवंदवाडीला जायचं, आईची रिटायरमेंट साजरी करायला. करवंदवाडी मुरबाडच्या पुढे आहे. दाट जंगल, पायवाटा आणि सरळसोट कातळकडे. आमची मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, चांगल्या नोकरीत आहे आणि थंडीतले सगळे रविवार तिथे दोराला लोंबकळण्यात घालवते. हे वेड आपल्या घरात कुठून आलं, मला कळत नाही. माझ्या सात पिढ्यांत कोणी माळ्यावरसुद्धा आनंदाने चढलेलं नाही.

तिथे भाड्याने मिळणारं घर निवडायचं काम मी घेतलं. कोणी दिलं नव्हतं. पण एकतीस वर्षं कंपनीच्या खरेदी विभागात काढलेला माणूस घरी झाडूसुद्धा तीन कोटेशनं घेतल्याशिवाय आणत नाही. तीन घरं बघायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांच्या सह्या घ्यायच्या. शैलाला पद्धत समजावून सांगितली. ती म्हणाली, "चालेल."

११ डिसेंबर, बुधवार

निकष ठरवले. एकूण गुण १००. पायऱ्या कमीत कमी: ३०. कमोड: २५. दवाखाना जवळ: २०. स्वयंपाकघर: १५. मोबाइलची रेंज: १०.

पायऱ्यांना सर्वांत जास्त गुण शैलाच्या गुडघ्यांमुळे. २०१६ साली ते दुखले होते, तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असली की मी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर थांबतो, तिला दम खाता यावा म्हणून. ती तोवर चौथ्या मजल्यावर जाऊन दार उघडून ठेवते, पंखा लावते.

१५ डिसेंबर, रविवार

शैलाचं काहीतरी चाललंय. आठवड्यातून तीनदा सकाळी "सुगंधाकडे जाऊन येते" म्हणून बाहेर पडते. सुगंधा म्हात्रे म्हणजे तिच्या शाळेतल्या पीटीच्या बाई, गेल्या वर्षी रिटायर झाल्या. राई गावात राहतात. त्यांची पूर्वी मिठागरं होती.

आज परत आली तेव्हा तिच्या बोटांना खडूची पूड होती. नखांतसुद्धा. दोन आणि दोन चार करता येतात मला. राईतल्या मुलांना दोघी फुकट शिकवत असणार. चौतीस वर्षांची सवय, अशी थोडीच सुटते? मला अभिमान वाटला. तिला सांगायचं नसेल तर मीही विचारणार नाही. मोठेपणा म्हणतात तो हाच.

दुपारी लोणच्याच्या बरणीचं झाकण मला निघेना. शैलाने घेतलं आणि एका पिळात काढलं. मी आधी सैल करून ठेवलं होतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज तिन्ही कोटेशनं आली.

घर पहिलं: हिरवाई व्हिला. फोनवर पिंकी नावाची बाई होती. "अंकल, बिलकुल टेन्शन नका घेऊ. ग्राउंड फ्लोअर आहे, कमोड आहे, स्विमिंग पूल आहे, रेन डान्स पण आहे."

मी विचारलं, "जंगल?"

"दिसतं ना अंकल, बाल्कनीतून. पूरा व्ह्यू."

"आणि कडे?"

"कडे पण दिसतात. जायचं असेल तर गाडीने पाऊण तास."

कडा पाऊण तास लांब. इतका सुरक्षित कडा दुसरीकडे मिळायचा नाही.

घर दुसरं: तंबू. तंबूला घर म्हणणाऱ्यांशी मी जास्त बोललो नाही.

घर तिसरं: करवंदवाडीच्या रघूचं. हे क्षितिजाने सुचवलं. रघू म्हणाला, "घर कड्याच्या बुडाशी हाय. दारात उभा ऱ्हायचा नि मान वर करायची, येवढाच."

"पायऱ्या किती?"

"मोजल्या न्हाईत कदी. चढतो आमी."

मोजून सांगा म्हटलं. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. "एकेचाळीस. त्यातली एक मोडकी हाय." कमोड? "खाली बसायचा हाय, पन सोच्छ." दवाखाना? "मुरबाडला. इकडं आजारी कोन पडत न्हाय." रेंज? "आत्ता टेकडावर चढलोय म्हनून तर बोलतोय तुमच्याशी."

फोन स्पीकरवर होता. शैला समोर मटार सोलत होती. ती म्हणाली, "अगदी पायथ्याशी? म्हणजे कड्यापर्यंत चालायलाच नको?" मी तिला समजावलं की हाच तर या घराचा मोठा दोष आहे. मग तिने रघूला विचारलं, "सकाळी कड्यावर ऊन कधी येतं हो?" तो म्हणाला, नऊपर्यंत सावलीच असते. "बरंय," शैला म्हणाली आणि तिच्या हातून मटाराचे दाणे सालांच्या ताटलीत पडले.

मी तक्त्यात नोंद केली: घर थंड, शैलाला सर्दीचा त्रास, वजा पाच. व्हिला ९६, तंबू ३१, रघू २२.

२२ डिसेंबर, रविवार

स्टेशनजवळच्या दुकानातून शैलाला खडूचा डबा आणला. पांढरे, धूळ न उडणारे, म्हणजे तिच्या नखांत जाणार नाहीत. तिच्या हातात ठेवून म्हटलं, "मला सगळं माहितीय. तू चालू ठेव. माझा पाठिंबा आहे."

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. मग डबा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. म्हटलं, "राईच्या मुलांसाठी." त्यावर ती ओट्याला धरून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. भावना दाटून आल्या की काही माणसांना हसू येतं, हे मी वाचलेलं आहे. संध्याकाळी ती सुगंधाताईंशी फोनवर बोलत होती, तर पलीकडून इतका मोठा हसण्याचा आवाज आला की मला हॉलमध्ये ऐकू आला. एका डब्याने दोन शिक्षिकांना एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

२८ डिसेंबर, शनिवार

आज तक्ता सह्यांसाठी ठेवला. शैलाने चष्मा लावून बराच वेळ वाचला. म्हणाली, "रघूचं घर एकदा बघून..."

"बावीस गुण आहेत, शैला."

"हो. तेही खरंच."

"मग व्हिला?"

"चालेल," ती म्हणाली आणि सही केली.

मी लगेच पिंकीला फोन करून पक्कं केलं. सगळं कसं नियमानुसार झालं. पण क्षितिजा आली, तक्ता वाचला आणि भडकली. "बाबा, यात आईला काय हवंय त्याचा रकाना कुठेय?"

मी सही दाखवली. "ती चालेल म्हणाली."

"चालेल म्हणजे नको असतं, बाबा. आईचं चालेल म्हणजे नकोच असतं. पस्तीस वर्षं होतील लग्नाला, तुला अजून कळलं नाही?"

मी म्हटलं, चालेल म्हणजे चालेल. मराठी भाषा आहे, सांकेतिक लिपी नाही. तिने विचारलं, "बरं, आईला खरंच काही हवं असतं तेव्हा ती काय म्हणते, सांग."

मी आठवून बघितलं. आठवेना. म्हटलं, उद्या सांगतो. माझ्याकडे सगळ्या डायऱ्या आहेत.

२९ डिसेंबर, रविवार

दुपारभर माळ्यावरच्या डायऱ्या काढून बसलो. (शैलाच चढली. मी शिडी धरली.) क्षितिजाला पुराव्यानिशी गप्प करायचं होतं. इथे उतारे देतो.

डिसेंबर १९९०, माथेरान: "शैलास खोली पसंत. चालेल म्हणाली."

जून १९९४: "मीरा रोडचा फ्लॅट पाहिला. शैला म्हणाली, शाळा लांब पडेल. पण चालेल म्हणाली."

मार्च १९९७, क्षितिजाच्या वेळी: "शैलास कैरी हवी आहे. बाजार बंद. लिंबू आणले. चालेल म्हणाली."

चौतीस वर्षांत "हवी आहे" हे मला एकदाच सापडलं, आणि मी लिंबू आणलं.

अजून एक सापडलं. ते लिहावं की नाही, असं वाटलं. लिहितो. नोव्हेंबर १९९९: "शैलाच्या कॉलेजच्या डोंगर ग्रुपचा कडा चढण्याचा बेत. क्षितिजा लहान. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. चालेल म्हणाली."

२००० सालची डायरी काढली. त्यात कड्याचा काही उल्लेख नाही. पान पान बघितलं. २००१ पण बघितली.

शैला कॉलेजात डोंगर चढायची, हे मला माहीत होतं. लग्नाच्या आधी तिच्या मावशीने सांगितलं होतं. मी विसरलो होतो, असंही नाही. ते संपलं असं मी धरून चाललो होतो.

२ जानेवारी, गुरुवार

आज सकाळी चहा घेताना शैलाला विचारलं, "तुला नक्की काय हवंय?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

तिने माझ्या कपाळाला हात लावला. मग बीपीचं मशीन घेऊन आली. बीपी ठीक निघालं. तेव्हा ती समोर बसली आणि म्हणाली, "का विचारताय?"

मी म्हटलं, नोव्हेंबर नव्याण्णव. ती बराच वेळ बशीत चहा ओतत राहिली, आणि बशी भरून टेबलावर सांडला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "मला करवंदवाडीचा कडा चढायचाय. क्षितिजा दोर धरेल. रघूच्या घरी राहिलं तर पहाटे उठून, ऊन यायच्या आत होईल. त्या व्हिलातून नाही जमायचं. सुगंधाच्या पुतण्याने, प्रणयने, जेसल पार्कजवळ एका जुन्या गोदामात चढायची भिंत बांधलीय. तिथे दोन महिने शिकतेय. हाताला घाम येऊन पकड सुटू नये म्हणून ती पांढरी पूड लावतात."

म्हणजे खडू नव्हता. राईची मुलंही नव्हती. दोन महिने बाईने ताकास तूर लागू दिली नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तक्ता केला असता."

मी चिडलो. पेपर घेऊन आत गेलो. लपवलं म्हणून चिडलो की चढते म्हणून, हे आता संध्याकाळपर्यंत मला ठरवता आलेलं नाही. खरं लिहायचं तर मी घाबरलोय. ती पडेल म्हणून घाबरलोय. आणि ती माझ्याशिवाय इतकी मजेत असते, हे मला माहीतच नव्हतं, त्याचंही काहीतरी होतंय. तो डबा दिला तेव्हा त्या दोघी काय हसल्या असतील.

५ जानेवारी, रविवार

गोदामातली भिंत बघायला गेलो. शैला नको म्हणाली नाही, चला पण म्हणाली नाही. "यायचं तर या," म्हणाली.

सुगंधाताई दारातच होत्या. "भावजी, खडू आनले का?" म्हणाल्या. मी दुर्लक्ष केलं. मग खुर्ची सरकवून म्हणाल्या, "घाबरू नका. शैला पडनारी न्हाय. नि पडली तरी दोर हाय. मी साठीला आले, मला धरतो तर तिला न्हाय धरनार?"

भिंतीवर रंगीत गोळे ठोकलेले होते. शैला पंजाबी ड्रेसची ओढणी सोडून वर चढली. मी पहिल्यांदा डोळे मिटले होते, मग उघडले. ती घाई करत नव्हती. एक पाय ठेवायची, थांबायची, पुढचा गोळा कुठेय ते बघायची, मग हात टाकायची. परीक्षेचे पेपर तपासताना अशीच बसायची. प्रणय म्हणाला, "काका, मावशी फॉर्मात आहेत. बसून टेन्शन कशाला घेताय? तुम्हीपण ट्राय करा ना." मी म्हटलं, माझे गुडघे. मग दुरुस्ती केली, म्हटलं, माझ्या बायकोचे गुडघे. तो हसला. का, ते कळलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

हिरवाई व्हिला रद्द. पिंकी म्हणाली, "पण अंकल, रेन डान्स?" तिला म्हटलं, आमच्या घरी दुसरा कार्यक्रम ठरलाय.

खरेदी विभागात सर्वांत जास्त गुणांचं कोटेशन डावलायचं असेल तर फाइलवर कारण लिहावं लागतं. मी तक्त्याखाली लिहिलं: "तिसरे घर, गुण २२, विशेष बाब म्हणून मंजूर. कारण: शैलास हवे आहे." सही केली. शैलाने ते वाचलं. तक्ता घडी करून तिच्या पर्समध्ये ठेवला. फाइलची प्रत अशी नेता येत नाही, पण मी सोडून दिलं.

१८ जानेवारी, शनिवार

दोनदा ठरवलं की तिला जाऊ नको म्हणायचं. एकदा तर "शैला" म्हणून हाकही मारली. ती आली, ओले हात पुसत उभी राहिली. मी विचारलं, स्वेटर कोणता घेऊ.

२५ जानेवारी, शनिवार, करवंदवाडी

पोचलो. एकेचाळीस पायऱ्या आहेत, रघूचं मोजमाप बरोबर आहे. शैलाला त्रास होऊ नये म्हणून मी सतराव्या, सव्विसाव्या आणि चौतिसाव्या पायरीवर थांबलो आणि निसर्ग बघितला. मोडकी पायरी अडतिसावी. मी वर पोचलो तेव्हा शैलाने सामान लावून चुलीवर पाणी ठेवलं होतं.

घर शेणाने सारवलेलं, कौलारू, दोन खोल्यांचं. दारात उभं राहिलं की कडा दिसत नाही, इतका जवळ आहे. मान खरंच मागे टाकावी लागते. मधे उंबर, मागे सगळं जंगल. रघूने भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा दिला. विचारलं, "काकी चढनार? बरा. आनि काका?"

"काका खाली," क्षितिजा म्हणाली.

"खाली बी मानूस लागतोच," रघू म्हणाला. मला तो माणूस आवडला. तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी सातला कड्याखाली होतो. क्षितिजाने मदतीला बोलावलेला प्रणय मागच्या पायवाटेने आधीच वर गेला होता, दोर झाडाला बांधून खाली सोडला होता. क्षितिजाने आईच्या कमरेला पट्टा बांधला, तीनदा ओढून बघितला. मी चौथ्यांदा बघितला.

कडा साठेक फूट. पुस्तकात असता तर मी याला छोटा म्हटलं असतं. शैला चढायला लागली. अर्ध्यापर्यंत ठीक गेली. मग एका फुगवट्याखाली अडकली. उजवा हात वर चाचपत होता, काही मिळत नव्हतं. डावा पाय थरथरायला लागला, इतका की खालून दिसत होता. खडी घसरून माझ्या बुटावर पडली.

"आई, खाली घेऊ?" क्षितिजाने ओरडून विचारलं. उत्तर नाही. "आई?" उत्तर नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं. दोर तिच्या हातात होता. मी "घे" म्हटलं असतं तर तिने घेतलं असतं. "घे" माझ्या ओठांवर होतं. मला माझ्या बायकोची इतकी भीती यापूर्वी कधी वाटली नव्हती, म्हणजे तिच्यासाठी.

मी म्हटलं, "तिलाच विचार परत."

वरून शैलाचा आवाज आला, "थांबा जरा. बघतेय."

आम्ही थांबलो. तिने कपाळ दगडाला टेकलं. थोड्या वेळाने थरथर थांबली. उजवा हात खाली आणला, डाव्या बाजूला, जिथे मला खालून काहीच दिसत नव्हतं तिथे, तिला काहीतरी सापडलं. मग पाय गेला, मग दुसरा, मग ती त्या फुगवट्याच्या वर होती, आणि पुढचे पंधरा फूट मी नीट बघितलेच नाहीत, कारण चष्म्यावर वाफ आली होती. थंडी होती.

वर प्रणयने तिला झाडाला दोराने बांधून कड्याच्या काठाशी बसवलं. मला वाटलं, आता हात करेल, फोटो काढा म्हणेल. मी फोन धरून उभा राहिलो. तिने खाली बघितलंच नाही. पाय सोडून, हात मांडीत टाकून, समोरच्या जंगलाकडे बघत बसली. निवडायला भाजी नाही, तपासायला वह्या नाहीत, हातात काही म्हणजे काही नाही. शैलाला अशी बसलेली मी कधी बघितलेली नाही. निदान डायऱ्यांत तशी नोंद नाही.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. क्षितिजा म्हणाली, "बाबा, हाक मारू का? तुला नाश्ता करायचा असेल."

मी म्हटलं, "नको. बसू दे तिला."

ती आणखी पाऊण तास बसली.